लॅबमधल्या ताईंना, शिरोलीहून

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही आणि माझंही नाही. पण वाचलंत तर ओळखाल. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला फाउंड्रीवाला, ज्यानं वीर्यतपासणीच्या डबीऐवजी तिच्या झाकणावर नाव लिहून आणलं होतं, तोच मी.

आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. पहिली दोन आम्ही मनावर घेतलं नाही. पुढची चार बायकोच्या तपासण्यांत गेली. पाळीच्या दुसऱ्या दिवशी रक्त द्यायचं, एफएसएच आणि एलएच ह्या हार्मोन्ससाठी. मग थायरॉईड, प्रोलॅक्टिन हे आणखी एक हार्मोन, आणि अंडी किती शिल्लक आहेत त्याचा अंदाज देणारं एएमएच. महिनोन्महिने दिवसाआड सोनोग्राफी, अंड्याची पिशवी किती मिलिमीटरची झाली आणि फुटली का ते बघायला. शेवटी गर्भनळ्यांचा एक्स-रे, एचएसजी. त्या दिवशी ती ओटीपोट धरून बाहेर आली तेव्हा मी बाकावर मोबाईलवर मॅच बघत बसलो होतो. नळ्या दोन्ही मोकळ्या निघाल्या. तरी भावकीच्या लेखी खोट तिच्यातच.

ज्या डॉक्टरांकडे दोन वर्षं जात होतो त्यांनी मला एकदाही तपासणी लिहून दिली नाही. त्यांना दोष देऊन मोकळं व्हायला मला आवडलं असतं. पण खरं सांगतो, लिहून दिली असती तरी मी काहीतरी कारण काढलं असतं.

तुमच्याकडे आम्ही तिचं एएमएच पुन्हा करायला आलो होतो. डाव्या दंडाला पट्टा बांधून झाला, उजव्या दंडाला झाला, शीर काही सापडेना. तुम्ही तिचा हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवलात आणि तोवर फाईल चाळलीत. जाडजूड फाईल. मग माझ्याकडे बघून सहज विचारलंत, ‘‘दादा, ह्यात तुमचा रिपोर्ट कुठाय?’’

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. बायको खाली बघत होती. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, ‘‘सुई नाही, भूल नाही, दुखायचं नाही. वहिनींच्या ह्या सगळ्याच्या आधी व्हायला हवी होती ती तपासणी.’’ आणि बारीक सुईनं मनगटापाशी शीर पकडलीत. पहिल्याच फटक्यात.

तुम्ही एका चिठ्ठीवर सगळं लिहून दिलंत. किमान दोन दिवस आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध नको. नमुना घेताना साबण नको, तेल नको, साधा कंडोम तर नकोच. पहिले थेंब सांडले तर लपवू नका, तसं सांगा, कारण शुक्राणू सगळ्यात जास्त त्यातच असतात. लॅबच्या संडासात मला जमेना, बाहेरून कुणीतरी कडी वाजवत होतं. तुम्ही म्हणालात, ‘‘घरून आणा. अर्ध्या तासात आलात तर उत्तम, पण पाऊण तासाच्या वर नको. बर्फात ठेवू नका, अंगाशी धरून आणा.’’ दुसऱ्या दिवशी बनियनच्या आत डबी धरून भावाच्या गाडीवर मागं बसलो. तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा जे देव आठवले ते लिहीत नाही.

नमुना पातळ व्हायला अर्धा तास लागतो म्हणून मी बसून राहिलो. मग तुम्ही मला आत बोलावलंत, ‘‘बघायचंय?’’ मायक्रोस्कोपखाली बारीक चौकटी होत्या. काही शुक्राणू सरळ पळत होते, काही जागच्या जागी गिरक्या घेत होते, बरेचसे नुसते पडून होते. हसू आलं आणि रडूही. मला वाटत होतं तिथं काहीच दिसणार नाही.

रिपोर्टला एका मिलिलिटरमागं साठ लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची रेघ एक कोटी साठ लाखांची. मी तिथंच खचलो. तेव्हा तुम्ही जे समजावलंत ते मी आता कारखान्यात इतरांना सांगतो. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा बाप्यांचे आकडे घेऊन, त्यातले शंभरातले सगळ्यात खालचे पाच जिथं संपतात तिथं ही रेघ ओढलीय. म्हणजे रेघेखालीही बाप झालेले आहेत. शिवाय एका रिपोर्टवर कुणी निकाल देत नाही. ‘‘मी डॉक्टर नाही,’’ असं आधी बजावून तुम्ही विचारलंत, ‘‘दोन-तीन महिन्यांत मोठा ताप? काम कसलं?’’ डेंगी होऊन दोन महिने झाले होते. काम भट्टीवरचं, अकरा वर्षं.

यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरांनी, हातानं तपासलं, मग शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी केली. डाव्या बाजूला व्हेरिकोसील निघालं, म्हणजे अंडकोशाच्या शिरा फुगलेल्या. ताप, भट्टी की शिरा, नेमकं कशामुळे ते त्यांनीही छातीठोक सांगितलं नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. एक कोटी दहा लाख. भट्टी सोडून डिस्पॅचला बदली मागून घेतली, पगारात थोडा फटका बसला. दिवाळीनंतर त्या शिरांचं ऑपरेशन झालं.

मधे एका लग्नात आत्यानं नेहमीसारखं सुनेबद्दल विचारलं. आई पानाला चुना लावत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘तपासण्या पोराच्या चालल्यात.’’ बायको शेजारीच होती. घरी येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

पाळणा अजून हललेला नाही, ताई. लोक पेढे घेऊन आभार मानायला येतात, माझ्याकडे पेढे नाहीत. पण ती फाईल आता दोघांची आहे, आणि ते तुमच्या एका प्रश्नामुळं.

तिसऱ्या रिपोर्टसाठी मंगळवारी सकाळी येतोय. नाव आणि वेळ ह्या खेपेला डबीवर लिहीन.

तुमचा,
फाउंड्रीवाला दादा