उंदराला पाळी येत नाही

पाषाण, पुणे
रविवार

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. ‘गर्भाशय बनवतेस म्हणे?’ ही बातमी आमच्या आईनेच पसरवलेली दिसते. नाही गं बाई! आम्ही वाढवतो ते फक्त त्याचं अस्तर, आणि तेही पुरतं नाही, त्यातल्या ग्रंथींच्या पेशी.

उंदरावर का भागत नाही, तर त्याला पाळीच येत नाही. माणूस, काही माकडं, काही वटवाघळं आणि मोजके इतर प्राणी सोडले तर हा प्रकार कुणालाच नाही. मग एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर भलतीकडे वाढतं तो आजार, अभ्यासायचा कशावर? साधारण दर १० बायकांत एकीला तो असतो.

२०१७ मध्ये केंब्रिजच्या आणि बेल्जियमच्या ल्यूव्हेनच्या गटांनी वाट काढली. बायोप्सीत काढलेला अस्तराचा तुकडा एन्झाइमने सैल करायचा, बारीक जाळीतून गाळायचा. वर अडकतात त्या ग्रंथी. त्या मॅट्रिजेल नावाच्या जेलमध्ये मिसळून थेंब टाकायचे. हे जेल बर्फावर पातळ, ३७ अंशांना घट्ट. टिप्ससुद्धा फ्रीजमधूनच काढायच्या, गप्पा मारत बसलं की पिपेटमध्येच थिजतं. गंमत म्हणजे ते येतं उंदराच्याच गाठीतून! बिचारा सुटला नाहीच. काही दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली भिजलेल्या साबुदाण्यासारखे पोकळ गोळे दिसतात. इस्ट्रोजेननंतर प्रोजेस्टेरॉन ही पाळीचीच संप्रेरकं दिली की ते ग्लायकोडेलिन नावाचं प्रथिन स्रवू लागतात. पोटातल्या ग्रंथीही तेच करतात. सुरुवातीचे काही आठवडे गर्भ त्यांच्याच स्रावावर पोसतो.

या गोळ्यांत रक्तवाहिन्या मात्र नाहीत, त्यामुळे रक्तस्राव नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंडा ग्रिफिथ यांच्या गटाने ग्रंथींसोबत भोवतालच्या आधारपेशीही कृत्रिम जेलमध्ये वाढवल्या. बाईंना स्वतःला एंडोमेट्रिओसिस होता, म्हणूनच इतकी चिकाटी असावी. मला सर्वांत भावलं ते २०२१ चं काम: पाळीच्या रक्तातूनही हे गोळे वाढतात, बायोप्सी लागत नाही. आपण कागदात गुंडाळून फेकतो त्यात जिवंत पेशी असतात, सुमे.

आणि आता तुझं. होस्टेलवर दर महिन्याला उलट्या करत पडायचीस, आणि डॉक्टरीणबाई म्हणायच्या, ‘लग्न झालं की थांबेल.’ थांबलं का? सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही, असं नसतं. एंडोमेट्रिओसिस पाहणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, आणि दुखतं ते तारखेनिशी लिहून ने. दिवाळीत येशील तेव्हा लॅब दाखवते. गेटवर आधी नाव द्यावं लागतं, तारीख कळव. काकूंना नमस्कार.

तुझी,
वृंदा