हकीम ओलाजुवॉन यांना आभाराचं खुलं पत्र

आदरणीय हकीम ओलाजुवॉन यांस,
सप्रेम नमस्कार.

बास्केटबॉल शिकवणारे आम्ही सगळे तुमचं मोठं देणं लागतो. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या तुमच्या विजेतेपदांबद्दल अभिनंदन करणारे पुष्कळ आहेत. आमचे आभार तुमच्या पायांसाठी आहेत. बास्केटकडे पाठ करून उभ्या असलेल्या खेळाडूला धक्काबुक्की न करताही गुण मिळवता येतात, हे तुम्ही दाखवलंत, आणि मागायला आलेल्याला ते शिकवलंतही.

लागोसमध्ये तुम्ही हँडबॉल खेळायचात आणि फुटबॉलमध्ये गोलरक्षक होतात. बास्केटबॉल हातात आला तो पंधराव्या वर्षाच्या आसपास, म्हणजे बराच उशिरा. उशिरा आलेल्या मुलाला ‘आता काय शिकणार’ म्हणणाऱ्या पालकांना आम्ही तुमचंच नाव सांगतो. पुढे ह्यूस्टनच्या फोंडे रिक्रिएशन सेंटरमध्ये उन्हाळ्यात एनबीएतला नावाजलेला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) मोझेस मलोन याने तुम्हाला रगडून घेतलं. 1984 च्या ड्राफ्टमध्ये (लीगचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तेव्हा) ह्यूस्टन रॉकेट्सनी पहिल्या क्रमांकावर तुम्हाला घेतलं. मायकल जॉर्डन तिसरा गेला. जॉर्डनला सोडल्याबद्दल दुसऱ्या क्रमांकाच्या पोर्टलंडला लोक आजही टोमणे मारतात. ह्यूस्टनला कुणी मारत नाही.

आता मुद्द्याचं. तुमचा ‘ड्रीम शेक’ (हुलीमागून हूल देत डिफेंडरला चकवायची चाल) आम्ही मुलांना असा शिकवतो. लो ब्लॉकवर, म्हणजे बास्केटसमोरच्या चौकोनाच्या (लेनच्या) कडेला बास्केटजवळ असलेल्या खुणेपाशी, रेषेबाहेर उभं राहायचं. पास घेताना छोटी उडी मारून दोन्ही पाय एकाच वेळी टेकवायचे. असं उतरलं की कुठलाही पाय पिव्होट (जमिनीवर रोवून ज्यावर फिरायचं तो पाय) करता येतो, आणि पुढची सगळी करामत त्यावरच चालते. पाय एकामागून एक टेकले तर पहिला टेकलेला पाय पिव्होट ठरतो आणि डिफेंडरचं निम्मं काम आपणच करून देतो. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले, चेंडू हनुवटीखाली, कोपरं बाहेर. मागच्या डिफेंडरचं वजन कुठल्या बाजूला आहे याचा पाठीने अंदाज घ्यायचा. मग मध्याच्या दिशेने खांदा, डोकं आणि चेंडू तिन्ही एकदम न्यायचे. तो त्या बाजूला सरकला की उलट बेसलाइनकडे (बास्केटमागच्या सीमारेषेकडे) वळून मागे झुकत शॉट. नाही सरकला तर हूल दिली तिकडेच जाऊन हुक (एका हाताने डोक्यावरून फेकलेला शॉट). बेसलाइनकडे वळल्यावर तो उडी मारायला आतुर दिसला तर शॉटची हूल द्यायची आणि तो हवेत असताना त्याच्या हाताखालून पाऊल आत टाकायचं.

चुका ठरलेल्या असतात. सर्वात मोठी म्हणजे घाई: हूल इतकी झटपट देतात की समोरच्याला ती दिसतच नाही, मग तो फसणार कसा? दुसरी, नुसता चेंडू हलतो आणि मान ताठ राहते. डिफेंडर डोकं आणि खांदा बघतो. तिसरी, चेंडू कमरेखाली येतो आणि बाजूचा गार्ड तो टिपून नेतो. शेवटच्या पावलाला पंच कधी कधी शिट्टी मारतात, म्हणून नियम मुलांना पाठ हवा: शॉटसाठी पिव्होट पाय उचलला तरी चालतो, तो परत जमिनीला लागण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. ड्रिबल सुरू करताना मात्र उलटं, आधी चेंडू सोडायचा आणि मगच पिव्होट उचलायचा. आणि आपल्याकडच्या सिमेंटच्या कोर्टवर टाचेवर फिरू देऊ नये. बूट धरून राहतो, गुडघा पिळवटतो. चवड्यावरच फिरायचं, आणि सुरुवातीला चेंडूशिवाय.

याचा सगळ्यात चांगला धडा म्हणजे 1995 च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलचा (लीगच्या पश्चिम गटाच्या अंतिम मालिकेचा) दुसरा सामना. त्या रात्री सॅन अँटोनियोत तिथल्या संघाचा सेंटर डेव्हिड रॉबिन्सन याला मोसमाचा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) चषक दिला गेला, आणि तुम्ही त्याच्यासमोर 41 गुण केलेत. त्यातली एक चाल आम्ही थांबवून थांबवून दाखवतो: ड्रिबल, फिरकी, शॉटची हूल, रॉबिन्सन वर आणि तुम्ही खालून पाऊल टाकून लेअप (बास्केटजवळून अलगद टाकलेला शॉट). रॉबिन्सन काही कच्चा डिफेंडर नव्हता, 1992 चा सर्वोत्तम बचावपटू होता तो. म्हणूनच ती चाल दाखवण्यासारखी. संपूर्ण मालिकेत तुमची सरासरी 35.3 गुणांची होती.

बचावासाठी आम्ही 1994 च्या एनबीए फायनलचा (चार सामने जिंकणारा विजेता) सहावा सामना लावतो. न्यूयॉर्क निक्स मालिकेत 3-2 ने पुढे, रॉकेट्स सामन्यात 86-84 ने पुढे, शेवटची काही सेकंदं. निक्सच्या जॉन स्टार्क्सचा तीन गुणांचा शॉट पडला असता तर विजेतेपद न्यूयॉर्कला गेलं असतं. तुम्ही त्यांचा सेंटर पॅट्रिक युईंग याला सोडून बाहेर आलात आणि बोटांनी चेंडूची दिशा बदललीत. सेंटरला इतकं बाहेर यायची सवय नसते. तो स्क्रीनमागे (वाट अडवून उभ्या असलेल्या खेळाडूमागे) रेंगाळतो, उशीर झाला की झेप घेतो आणि शूटरवर आदळून फाउल देतो. तुमचे पाय आधी पोचले होते, म्हणून हात पुरला. सातवा सामना 90-84 ने जिंकलात. त्या मोसमात एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू आणि फायनलचा एमव्हीपी हे तिन्ही मान एकट्या तुम्हाला मिळाले. असं करणारा दुसरा खेळाडू अजून झालेला नाही.

29 मार्च 1990 चा मिलवॉकीविरुद्धचा क्वाड्रपल डबल, म्हणजे चार प्रकारांत दोन आकडी कामगिरी, सगळ्यांना माहीत आहे: 18 गुण, 16 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा पकडलेला चेंडू), 10 असिस्ट (गुण मिळवून देणारा पास), 11 ब्लॉक (अडवलेला शॉट). त्याच महिन्याच्या सुरुवातीला वॉरियर्स संघाविरुद्धही नऊ असिस्टचे दहा करून क्वाड्रपल डबल दाखवला गेला होता आणि लीगने ते नामंजूर केलं, हे कमी जणांना आठवतं. स्कोअरशीट लिहिणाऱ्या आमच्या मुलांना हा किस्सा मुद्दाम सांगतो.

आणखी एक धडा, आळशी मुलांसाठी: 1995 च्या फायनलचा पहिला सामना, ऑर्लँडोत. ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरच्या जादा वेळेत) तुमचा सहकारी क्लाइड ड्रेक्सलर याचा शॉट चुकला आणि घड्याळात 0.3 सेकंद उरलेले असताना तुम्ही तो चेंडू टिप करून आत घातलात. 120-118. सहकाऱ्याचा शॉट बघत उभं राहणाऱ्याला असे गुण मिळत नाहीत. इतक्या कमी वेळात चेंडू धरून फेकायला जाऊही नये, बोटांनीच ढकलावा.

निवृत्तीनंतर तुम्ही जे केलंत त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. 2009 मध्ये कोबी ब्रायंट आणि 2011 मध्ये लेब्रॉन जेम्स ह्यूस्टनला तुमच्याकडे शिकायला आले. लेब्रॉन तेव्हा नुकताच डॅलसकडून फायनल हरला होता. पुढच्याच वर्षी त्याने बास्केटजवळचा खेळ वाढवला आणि विजेतेपद मिळवलं. श्रेय सगळं तुमचं असं नाही म्हणणार, पण इतक्या वर पोचलेला खेळाडू पिव्होट शिकायला परत येतो, हे आमच्या आंतरशालेय संघातल्या मुलांना पटवायला फार उपयोगी पडतं.

तुमचे व्हिडिओ मुलं हळू गतीने बघतात. पहिल्यांदा बघताना त्यांना चेंडूकडे बघू द्यायचं नाही, कमरेखालीच बघायचं, असा आमचा नियम आहे.

मनःपूर्वक आभार.

आपले कृतज्ञ,
महाराष्ट्रातले काही बास्केटबॉल प्रशिक्षक