हमीदाराला जे मिळतं, ते साध्या कर्जदाराला का नाही? मा. अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थ आणि कंपनी व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया,

सादर नमस्कार. हे पत्र कर्जमाफीसाठी नाही. आधीच सांगून टाकते, कारण कर्जाचा विषय निघाला की ऐकणारा पहिल्यांदा तेच गृहीत धरतो. आम्हाला आमचं देणं फेडायचं आहे आणि सध्या ते फेडतो आहोत. मागणं इतकंच आहे की देणं शिस्तीत फेडण्यासाठी संसदेनं २०१६ साली नादारी आणि दिवाळखोरी संहितेत जो रस्ता आखून ठेवला आणि जो आज फक्त कंपन्यांच्या कर्जाला हमी देणाऱ्यांना खुला आहे, तो आमच्यासारख्यांसाठी उघडा करावा.

आमची हकिकत चिंचवडमधल्या कितीतरी घरांची आहे. यजमानांचं लेथचं लहानसं वर्कशॉप होतं, जॉबवर्क करायचे. मोठ्या गिऱ्हाइकाकडे बिलं अडकली, कामगारांचे पगार तर थांबवता येत नाहीत, म्हणून पर्सनल लोन घेतलं. त्याचा हप्ता भरायला क्रेडिट कार्ड आलं आणि कार्डाची किमान रक्कम भरायला मोबाइलवरचं ॲप. या फेऱ्यातून गेलेल्या कुणालाही हा क्रम पाठ असतो. शेवटी मशीन विकली, शटर ओढलं. आता ते दुसऱ्याच्या कंपनीत नोकरीला आहेत, मी एका दवाखान्यात रिसेप्शनला असते. देणी राहिली चार ठिकाणची, शिवाय थोरल्या दिरांकडून घेतलेले हातउसने.

देणी चार म्हणजे वाटाघाटीही चार. एका बँकेनं लोकअदालतीत हप्ते बांधून दिले. दुसरी म्हणाली, एकरकमी भरणार असाल तर सूट देऊ. तिसऱ्यांनी आमचं कर्ज दुसऱ्याच कंपनीला विकून टाकलं होतं, त्यामुळे बोलायचं कुणाशी हेच कळेना. ॲपवाल्यांना तर ऑफिसच नव्हतं, होते नुसते नंबर. पहिल्या बँकेला ठरलेला हप्ता दिला की उरलेले तिघं म्हणणार, त्यांना देता मग आम्हाला का नाही? कुणाला आधी आणि किती द्यायचं, याचा न्याय करायला कुणीच बसलेलं नाही. ज्याचा एजंट जास्त ओरडेल त्याला पैसे आधी जातात आणि जो सभ्यपणे थांबतो तो मागे राहतो. आमचे दीर असे मागे राहिले. ते काही बोलत नाहीत, म्हणून तर जास्त लागतं.

आता कायद्याचं. नादारी आणि दिवाळखोरी संहितेचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आणि भागीदारी संस्थांसाठी आहे. कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. अर्ज केला की वसुलीच्या कारवाया तात्पुरत्या थांबतात, अर्ज दाखल करून घेतला गेला की १८० दिवसांची उसंत मिळते. एक तज्ज्ञ व्यावसायिक सगळी देणी एका यादीत आणतो, त्यांतून एकच परतफेड योजना तयार होते. मत देणाऱ्या धनकोंपैकी, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांच्यापैकी, रकमेच्या हिशेबानं तीन चतुर्थांशांहून जास्त राजी झाले की ती योजना सगळ्यांना बांधून घेते. योजना पार पडली की सुटकेचा आदेश मिळतो. मला हे वाचून अक्षरशः रडू आलं होतं. आपल्याला नेमकं काय हवं होतं ते कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं होतं.

मग पुढचं वाचलं. १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग लागू आहे, पण फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना. कंपनीच्या कोट्यवधींच्या कर्जावर सही केलेल्या हमीदाराला एक टेबल, एक यादी, एक योजना. स्वतःच्या सहा-सात लाखांच्या देण्यानं बेजार झालेल्या माणसाला यातलं काहीच नाही. हमीदारांसाठीच्या नियमावलीत तर असंही आहे की परतफेड योजनेत त्याच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या वाजवी खर्चासाठी किमान रक्कम बाजूला धरायची. म्हणजे किराणा, औषध, मुलांची फी यांची सोय आधी आणि देणं नंतर. कायदा करणाऱ्याला घर म्हणजे काय हे ठाऊक होतं. ते फक्त हमीदाराच्याच घराबद्दल का ठाऊक असावं?

आम्हाला काय उरतं, तर १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, आणि मुंबई शहरात १९०९ चा. १९२० च्या कायद्यात नादारीचा अर्ज करण्यासाठी कर्ज किमान पाचशे रुपयांचं असावं लागतं. त्या काळी ती मोठी रक्कम असेल. आज आमच्या एका बाउन्स झालेल्या हप्त्याचा दंड जवळपास तेवढाच लागतो.

महोदया, कर्जदाराचा हिशेब कायद्यानं एकदा नीट मांडावा, ही मागणी आमच्या भागात नवी नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, परक्या सरकारनं पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी कायदा केला. कोर्टानं खतावरच्या आकड्यावर विसंबून न राहता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब करावा, हप्ते बांधून द्यावेत, सावकारानं पावती द्यावी आणि देण्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, हे सगळं त्यात होतं. त्या कायद्यानं सगळे सुखी झाले असं मी म्हणत नाही. पण निदान हिशेब मांडायला एक जागा झाली.

थोडं मनाबद्दलही लिहिते, कारण सरकारी कागदात त्याला रकाना नसतो.

हप्ते थकल्यावर माणूस आधी फोन सायलेंटवर टाकतो. मग ओळखीच्यांचे फोनही उचलेनासा होतो. आमच्या सोसायटीत गणपतीची वर्गणी मागायला मुलं आली की यजमान आतल्या खोलीत जाऊन बसायचे. वर्गणी पाचशेची होती आणि ती आम्ही दिलीही असती, पण 'काय काका, वर्कशॉप कसं चाललंय?' हा प्रश्न नको होता. झोप तुटायची ती आकड्यांनी. रात्री उठून तेच चार आकडे पुन्हा कागदावर मांडायचे आणि बेरीज पुन्हा तेवढीच यायची. या दिवसांत लोकांनी आम्हाला पुष्कळ धीर दिला. ध्यान करा, सकारात्मक राहा, हेही दिवस जातील. त्यांचे मी उपकार मानते, पण खरं सांगते, आमच्या घरात झोप परत आली ती लोकअदालतीचा निवाडा हातात पडल्यावर. एक रक्कम, एक तारीख, शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात हे लिहिलेला कागद. त्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकं वजन असतं आणि त्याच्यावर अपील नाही, हे कळल्यावर यजमान पहिल्यांदा म्हणाले, 'म्हणजे आता रक्कम बदलणार नाही ना?' ती बँक सुटली. बाकीच्या तिघांसाठी असा कागद नाही, म्हणून ती झोप अजून अर्धीच आहे.

हप्ते सुरू झाल्यावर एक वेगळीच अवस्था येते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बाहेर चहा प्यायलो तरी वाटतं, कुणी पाहिलं तर म्हणेल, देणं बाकी आहे आणि चैन बघा. मुलाच्या सहलीचे पैसे भरताना हात अडखळतो. आम्ही शेवटी एक ठरवलं, घरखर्चाचा आकडा लिहून भिंतीवर लावला आणि त्या आकड्याच्या आतल्या कुठल्याही खर्चाबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही. मुलालाही सगळं सांगितलं. तो अकरावीत आहे, त्याला आमच्याआधी कळलेलं होतं. कायद्यात ती 'किमान रक्कम' ठरवलेली असती तर ती भिंतीवर लावायला आम्हाला इतके महिने लागले नसते.

व्यवहारात जे कळलं ते ठेचा खाऊन. पगाराचं खातं ज्या बँकेचं देणं आहे तिथेच असेल तर पगार जमा होताच परस्पर वळता होतो. कोर्टाच्या जप्तीतही पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात, पण इथे ते संरक्षण पोचत नाही. खातं दुसरीकडे हलवल्यावर आम्हाला घर चालवता आलं. तडजोडीचं पत्र हातात येण्याआधी एजंटला एक रुपयाही द्यायचा नाही, आणि दिला तर थेट कर्जखात्यात. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही. नियम चांगला आहे. मी तो एका एजंटला ऐकवला तेव्हा तो हसला आणि रात्री साडेनऊला परत फोन केला. तक्रार लेखी केली, मगच थांबलं. आणि सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे, बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मी सहकर्जदार होते, म्हणून अर्ज माझ्या नावानं केला. हे मला कोणत्याही बँकेच्या नोटिशीत वाचायला मिळालं नाही, दवाखान्यात आलेल्या एका पेशंटनं सांगितलं.

नोटिशीचंच सांगते. आमच्याकडे त्यांची फाइल आहे. चेक न वटल्याचं कलम १३८, हप्ता बाउन्स झाल्याचं कलम २५, सगळं ठळक अक्षरांत. त्याच कागदावर तीन ओळी जास्त छापायला काय खर्च येतो? कायदेशीर मदतीसाठी १५१००, बँकेविरुद्ध तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८ आणि मन हाताबाहेर चाललं असेल तर टेलि-मानसचा १४४१६. तिन्ही नंबर सरकारी यंत्रणेचेच आहेत. हे तर आपण संसदेत न जाताही करवून घेऊ शकता.

लोक गैरफायदा घेतील, हा आक्षेप मला माहीत आहे. घेतीलही. हमीदारांमध्येही काही जण निव्वळ लिलाव लांबवायला अर्ज करतात, अशी ओरड आहेच. पण म्हणून हमीदारांसाठीचा भाग आपण बंद केला नाही. अर्ज तपासून तो फेटाळण्याची शिफारस करण्याची सोय त्याच कायद्यात आहे. दुसरा आक्षेप असा की लाखो अर्ज येतील, न्यायाधिकरणांना झेपणार नाहीत. हा मात्र खरा आहे, आणि म्हणूनच लहान कर्जांसाठी डीआरटीपर्यंत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणापर्यंत, धावायला लावू नये, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच ही टेबलं बसवावीत असं मला वाटतं. तिथे लोकअदालत चालतेच. फक्त चार बँकांची चार टेबलं न मांडता कर्जदाराभोवती एक टेबल मांडायचं आहे.

संहितेच्या त्याच तिसऱ्या भागात अगदी गरिबांसाठी 'नव्याने सुरुवात' अशी तरतूद आहे, छोटी देणी माफ करून माणसाला मोकळं करणारी. तिच्या अटी अशा: वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत आणि कर्ज ३५,००० पर्यंत. महिन्याला पाच हजार कमावणाऱ्याला आज ३५,००० चं कर्ज मायक्रोफायनान्सचा एक गट सहज देतो. हे आकडे २०१६ चे आहेत आणि ते एक दिवसही वापरले गेलेले नाहीत. अंमलबजावणी होईल तेव्हा निदान ते आजच्या भावानं लिहा.

शेवटचं, क्रेडिट रिपोर्टबद्दल. तडजोड करून देणं फेडलं की त्यावर 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि बँकेच्या खिडकीवर तो शेरा बुडव्याच्या बरोबरीनं वाचला जातो. मान्य केलेल्या योजनेप्रमाणे शेवटचा हप्ता वेळेवर भरणाऱ्यासाठी वेगळा शेरा असावा. यजमानांना पुन्हा एक सेकंडहँड लेथ घ्यायची आहे. ती कर्जावर मिळेल की नाही हे त्या एका शेऱ्यावर ठरेल.

तिसरा भाग सर्व व्यक्तींना कोणत्या तारखेपासून लागू करणार, हे आपण येत्या अधिवेशनात सांगावं, ही विनंती. उत्तर 'नाही' असेल तर त्याचं कारणही सांगावं. तेवढं कळलं तरी उरलेल्या तिघांशी कसं बोलायचं ते आम्हाला ठरवता येईल.

आपली,
एक सहकर्जदार
चिंचवड, पुणे