सुटलेल्या काचेला सुपरग्लू नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कापडी टपाच्या कन्व्हर्टिबल गाड्यांची, म्हणजे छत दुमडून उघडता येणाऱ्या गाड्यांची, मागची काच कापडापासून सुटते. पहिल्या पिढीच्या ऑडी टीटी रोडस्टरचं तर हे ओळखीचं दुखणं आहे. आपल्याकडे अशा गाड्या मोजक्याच, पण अमेरिका-युरोपात राहणारी आपली मंडळी हौसेने जुनी कन्व्हर्टिबल घेतात आणि नव्या टपाचा खर्च ऐकला की घरीच ट्यूब उघडतात. बहुतेकदा चुकीची.

सुपरग्लू वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. टप दोनदा दुमडला की तडकतो, वर कापडावर पांढरे डाग ठेवतो. सिलिकॉन त्याहून वाईट. त्याचा तेलकट थर एकदा बसला की पुढे कुठलाही गोंद धरत नाही. इथे लागतो तो विंडशील्ड बसवणाऱ्यांचा काळा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. ३१० मिलीची एक नळी पुरून उरते. सोबत काचेचा काळा प्रायमर, म्हणजे गोंदाआधी काचेवर लावायचा थर, हवाच, कारण काचेतून येणारं ऊन पीयूला खातं.

आधी एक परीक्षा. टपाचं पुढचं कुलूप सोडून टप वीतभर उचला, म्हणजे कापडावरचा ताण जाईल. आता कापडाची कड हाताने काचेवरच्या जुन्या खुणेपर्यंत आणून पाहा. सहज आली तर चिकटवा. ओढावी लागत असेल तर कापड आटलंय. गोंद कितीही भारी असो, ती काच पुन्हा सुटणार. मग नवा टपच.

डीफॉगरची, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या गरम रेघांची, वायर काढून ठेवा. काचेवरचा जुना गोंद ब्लेडने खरवडा, पण डीफॉगरच्या रेघांना ब्लेड लागू देऊ नका. कापडाच्या बाजूला ब्लेड नको, बोटाने चोळून निघेल तेवढंच काढा. मग काचेची आणि कापडाची चिकटायची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन नको, त्याने कापडाच्या आतलं रबर फुगतं. कडेने मास्किंग टेप लावा, हातमोजे घाला, प्रायमरचा पातळ हात द्या आणि डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. नंतर पीयूची सलग रेघ ओढून ती चपट्या पट्टीने साधारण मिलिमीटरभर पसरा.

दाब देताना लोक हमखास चुकतात. क्लॅम्प करकचून आवळला की सगळा गोंद बाहेर येतो आणि सांध्यात काही उरत नाही. आतून उशी आणि फळी, बाहेरून वाळूची छोटी पिशवी, एवढं पुरे.

आता धीर धरायचा. पीयू हवेतल्या ओलाव्याने पिकतो, म्हणजे घट्ट होतो. मोकळी रेघ २३ अंशांना, ५० टक्के आर्द्रतेत दिवसाला साधारण ३ मिमी पिकते. इथे मात्र एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला रबरी अस्तराचं कापड. ओलावा शिरणार तो फक्त कडांनी, आणि सांधा जेवढा रुंद तेवढा मधला भाग मागे राहतो. म्हणून दुसऱ्या दिवशी वरून घट्ट वाटलं तरी आठवडाभर टप उघडायचा नाही. शिकागोच्या थंड, कोरड्या गॅरेजमध्ये जानेवारीत हे काम करू नये, किंवा दोन आठवडे तरी द्यावेत.

दोन बोटं सुटलेली काच तासाभराचं काम आहे. पूर्ण सुटलेली एकट्याने बसवू नका. काच धरायला दुसरा माणूस लागतोच.

आपला,
हूड-कुशनच्या कामातला एक वाचक, पुणे