आवाहन : नदीपलीकडे बोलता यावं म्हणून वर्गणी पाहिजे, आणि परीक्षेला बसणारी माणसंही

राम राम मंडळी,

३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट आपल्या चाळीसगाव तालुक्यात कोणी विसरलेलं नाही. डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला, तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या एकदम फुगल्या, तिकडे कन्नड घाटात दरडी. आमच्याकडे लाईट तर गेलेलीच होती, थोड्या वेळाने टॉवरपण बंद पडला. नानाकाका नदीपलीकडच्या वस्तीत, अंतर कितीसं, पण मधे लाल पाणी. ते सारखी बॅटरी हलवत होते, आम्हाला वाटलं "ठीक शे" म्हणून सांगताहेत, आम्हीपण इकडून हलवली. नंतर कळलं की मागची भिंत पडली होती आणि आजीला काढायला माणसं पाठवा म्हणून ते बोंबलत होते. शेजारच्या पोरांनी दाराची फळी उपसून आजीला तिच्यावर बसवून आणली म्हणून वाचली. आपण मात्र इकडून बॅटरी हलवत बसलो.

तेव्हापासून दर पावसाळ्यात नुसत्या गप्पा होतात, यंदा मंडळाने ठरवलंय की डीजे बंद आणि ते पैसे वायरलेसला. (पोरं थोडी रुसलीत, होतील गोड.)

प्लॅन साधा आहे. वस्तीवस्तीत बोलायला छोटे वॉकीटॉकी, अर्धा वॅटवाले, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले, त्यांना लायसन लागत नाही, पण सेटला सरकारी ईटीए मंजुरी असायलाच पाहिजे. म्हणून हात जोडून सांगतो, ऑनलाइन स्वस्तात दिसला म्हणून कुठलाही सेट घेऊन दान करू नका. असले बिनमंजुरीचे सेट विकल्याबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्यात, आपल्याला पुरातून वाचायचंय, चौकीत जायचं नाहीये.

पण अर्ध्या वॅटचा आवाज घरंझाडं मधे आली की फार लांब जात नाही. वरच्या अंगाच्या गावातून "पानी उनं" (पाणी आलं) हा निरोप आपल्यापर्यंत यायचा तर हॅम रेडिओ लागतो, म्हणजे लायसन काढून हौशी माणसांनी चालवायचा वायरलेस. त्यातल्या व्हीएचएफ लहरी सरळ रेषेत चालतात, त्यामुळे सगळा खेळ उंचीचा, हातातला सेट गल्लीत जेवढा पोचतो त्याच्या कितीतरी पट पाण्याच्या टाकीवर अँटेना लावली की पोचतो. भूजच्या २००१ च्या भूकंपात फोन मेले तेव्हा हॅमवाल्यांनीच निरोप पोचवले होते. फक्त त्याला केंद्र सरकारची परीक्षा पास होऊन लायसन घ्यावं लागतं आणि आपल्या मंडळात असा माणूस आहे एक. तो नेमका लग्नाला गेला असला तर काय करायचं?

म्हणून खरी मागणी माणसांची आहे. वरच्या गावांतून दोन-दोन आणि आपल्या गावातून पाच जण तरी परीक्षेला बसा. खालच्या ग्रेडला मोर्स (कट्ट-कडकट्टची सांकेतिक भाषा) येत नसलं तरी चालतं, थोडी वीज-रेडिओची माहिती आणि नियम. दहावीचं सायन्स झालेल्या पोरीपोरांना जड नाही, अभ्यास आम्ही रविवारी शाळेत घेऊ. लायसन हातात यायला वेळ लागतो, त्यामुळे सुरुवात आत्ताच. आणि हो, हॅमवर धंद्याचं बोलता येत नाही, कापसाचा भाव विचारायला फोनच वापरा.

सामानात सहा छोटे सेट, टाकीजवळच्या खोलीत एक मोठा सेट (तो लायसनवाल्याच्या नावावरच घेणार), अँटेना, तिला सेटशी जोडणारी कोॲक्स केबल, १२ व्होल्टची बॅटरी आणि सोलर पॅनल. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी नको, ऐन वेळी दगा देते. अँटेना उभी करायला कोणाकडे वीसेक फुटी जीआय पाईप पडून असेल तर तोच द्या, वेल्डिंग मंडळातला पोरगा फुकट करणार आहे.

वर्गणी रोज संध्याकाळी आरतीनंतर मारुतीच्या पारावर घेतो. पावती लगेच मिळेल, बॅनरवर फोटो मिळणार नाही. परीक्षेसाठी नाव द्यायचं असेल तर तेही तिथेच, नानाकाका वही घेऊन बसलेले असतात, पहिलं नाव त्यांनी स्वतःचंच लिहिलंय.