कॅप्सूलचं नाव डॉक्टरांना सांगा, एवढं तरी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला मधुमेह आणि वनस्पतिजन्य पूरकांवरचा लेख वाचला. बर्बेरिन, करक्युमिन, दालचिनीचा अर्क या सगळ्यांना एकाच पंगतीत बसवून ‘दुष्परिणाम नाहीत, चालू गोळ्यांसोबत निर्धास्त घ्या’ असं लिहून लेखक मोकळे झाले. ते वाक्य वाचून मला रात्री झोप लागली नाही.

माझ्या थोरल्या वहिनींना टाइप 2 मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्या नियमित चालू होत्या. असाच एक लेख वाचून त्यांनी बर्बेरिनच्या कॅप्सूल सुरू केल्या. एका पहाटे दादाला जाग आली, तर वहिनी घामानं चिंब, हात थरथरताहेत आणि विचारलं एक की सांगताहेत भलतंच. ग्लुकोमीटरवर आकडा 46, म्हणजे साखर धोकादायक खाली. गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी पाजता आलं, मग तसंच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, “या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता?” वहिनी म्हणाल्या, “नाही.” त्या खोटं बोलल्या नव्हत्या. ती बाटली औषधांच्या डब्यात नव्हतीच, जेवणाच्या टेबलावर मिठाशेजारी असायची. कुणी तिला औषध समजतच नव्हतं. पुतणीला ती आठवली म्हणून ती घरून आणली गेली. लेबलवर पानाफुलांचं मोठं चित्र, खाली पाच-सहा वनस्पतींची नावं आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन. बर्बेरिन नेमकं किती मिलिग्रॅम, हे डॉक्टरांनाही त्यावरून कळेना.

त्यांनी समजावलं ते असं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, मग रक्तातली साखर आधीच कमी असली तरीही. त्यात साखर उतरवणाऱ्याच बर्बेरिनची भर पडली. शिवाय ग्लिमेपिराइडसारख्या औषधांचा यकृतात निचरा करणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) बर्बेरिन अडवू शकतं, म्हणजे घेतलेली गोळी अंगात जास्त वेळ रेंगाळू शकते. बर्बेरिननं पोटही बिघडतं. वहिनींचं बिघडलंच होतं, त्यामुळे रात्रीचं जेवण निम्म्यावर आलं होतं. हे सगळं एकाच रात्री जुळून आलं. आता लेखकांनीच सांगावं, यातलं काय ‘दुष्परिणाम’ नव्हे?

बर्बेरिन मेटफॉर्मिनच्या तोडीचं आहे, असंही लेखात ठासून म्हटलं आहे. याचा आधार म्हणून नेहमी पुढे केला जातो तो 2008 सालचा अभ्यास 36 रुग्णांचा आणि तीन महिन्यांचा होता. साखर उतरली हे खरं, पण डोळे, मूत्रपिंडं, हृदय यांचं पुढच्या दहा वर्षांत काय होतं हे तीन महिन्यांत कसं कळणार? दालचिनीचंही तेच. 2003 मध्ये 60 जणांवरच्या प्रयोगाचा मोठा गाजावाजा झाला. 2012 मध्ये कॉक्रेननं, म्हणजे वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मधुमेहासाठी ती सुचवावी इतका पुरावा हाती आला नाही. लेखात पहिलं आहे, दुसरं नाही.

वनस्पतींना माझा विरोध नाही. मेटफॉर्मिनचं मूळच गलेगा नावाच्या वनस्पतीत आहे. तिच्यातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण विषारी ठरलं. त्याच कुळातलं सुरक्षित रसायन शोधून माणसांवर पारखायला 1957 साल उजाडावं लागलं. म्हणून आज त्या गोळीत 500 मिलिग्रॅम म्हणजे 500 मिलिग्रॅमच असतं आणि मूत्रपिंडं थकली की डोस कमी करायचा, हे डॉक्टरांना माहीत असतं. साखर खरोखर उतरवणारी कॅप्सूल औषधच आहे. तिला हेच नियम हवेत. ‘वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या गेलेल्या काही उत्पादनांत तर चक्क ग्लिमेपिराइडच्याच गटातल्या ग्लिबेनक्लामाइडसारखी औषधं लपवलेली सापडली आहेत आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं त्याबद्दल इशारे दिले आहेत. वयस्कर माणसाची साखर त्या औषधानं तासन् तास खाली राहू शकते.

माझी मागणी मोठी नाही. पूरकांवर जे काही छापाल, त्यात ‘घेत असाल तर डॉक्टरांना नाव सांगा, बाटली दाखवा, चालू गोळ्या मनानं बंद करू नका’ हे ठळक अक्षरांत टाका. कालच्या अर्ध्या पानात त्याला एका ओळीचीही जागा मिळाली नाही.

जाता जाता आणखी एक. इन्शुलिनचा उल्लेख आला की तुम्ही दरवेळी ते लांबलचक सुईच्या सिरिंजचं चित्र छापता. इन्शुलिन पेनला 4 मिलिमीटरची सुई लागते. तुमचं ते चित्र पाहून इन्शुलिन पुढे ढकलणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. पेनच्या सुईचं छायाचित्र तुमच्याकडे नसेल तर कळवा, वहिनी आता पेन वापरतात, त्याचं काढून पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक