अनूला, गुरुवारच्या आधी

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं दोन वाक्यांपुढे जात नाही, लगेच आवाज चढतात, म्हणून लिहिते आहे. तू फ्लॅट सोडतेयस हे मंदामावशीकडून कळलं. डिपॉझिटचं लेखी घे. टाके ओले करू नकोस. आणि गुरुवारी शिवाजीनगर कोर्टात जबाबाला एकटी जाऊ नकोस. हे शेवटी लिहायचं ठरवलं होतं, पण आधीच लिहून झालं.

तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी परवा घरी येऊन गेले. बाबा झोपले होते, मीच बोलले. फार गोड बोलत होते. "मुलगी गुणी आहे तुमची, भावनेच्या भरात गेली. एवढंच लिहून दे म्हणावं, गर्दी होती, गोंधळ झाला, कोणी कोणाला मारताना पाहिलं नाही. विषय संपला." कागद टाइप करूनच आणला होता, तुझं नाव घालून, खाली सहीपुरती जागा सोडून. तो रात्रभर माझ्या उशाशी होता. तुझ्याकडे पाठवावा असं वाटत होतं, तुझ्यापासून काय लपवू.

मग तुमची ती एकांकिका आठवली. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेसाठी अमेरिकेतल्या सेलमच्या चेटकिणींच्या खटल्यांवर बसवली होतीत, तेव्हा महिनाभर घरात १६९२शिवाय दुसरं साल नव्हतं. जेवताना तू सांगायचीस की ज्यांनी 'हो, मी चेटूक करते' असं कबूल केलं ते वाचले, खोटं बोलायला नकार दिला ते फासावर गेले. १९ माणसं. आणि ऐंशी ओलांडलेला तो म्हातारा शेतकरी, कोर्टापुढे बोलेना म्हणून छातीवर दगड रचून मारलेला. मी म्हटलं होतं, अगं, म्हणून टाकायचं एकदा, जीव तर वाचला असता. तू हातातला घास खाली ठेवलास. "आई, कबूल केलं की आणखी कोणाकोणाची नावं सांगा म्हणायचे. म्हणजे आपण सुटायचं आणि शेजारणीला फासावर द्यायचं."

या कागदातही तेच आहे. मारहाण झालीच नाही असं तू लिहून दिलंस, की त्या कचरावेचक मावशी खोट्या पडतात, आणि त्यांच्यावर घेतलेला पोर पळवल्याचा आळ तेवढा खरा राहतो. म्हणून कागद पाठवत नाही.

पण अनू, मला त्या संध्याकाळचं सगळं दिसत राहतं. तू थोडंच सांगितलंस, बाकी वॉचमनकाकांनी सांगितलं. मावशींच्या कडेवर नातू, गोरा, भुऱ्या केसांचा. कोणीतरी म्हणालं, हे पोर हिचं असूच शकत नाही. ग्रुपवर फोटो पडला, खाली 'मुलं पळवणारी टोळी', आणि दहा मिनिटांत जिने भरून माणसं खाली. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र होतं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तेव्हापासून या बायका झगडल्या, आपल्याला चोर समजू नये म्हणून कार्डं मिळवली. ते वाचायला कोणी वाकलं नाही. तू पोर घेतलंस, मावशींना केबिनमध्ये ढकललंस आणि दाराला पाठ लावून उभी राहिलीस. कपाळावर हेल्मेट बसलं तरी हलली नाहीस. ज्यानं मारलं त्याच्या मुलीला तू दहावीचं गणित शिकवलंस.

राईनपाडा आठवतं ना? धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८. मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी, भिक्षेवर पोट भरणारे. आठवडी बाजारात एका लहान मुलीशी बोलले, एवढ्यावरून मुलं पळवणारे ठरले. पाच माणसं ग्रामपंचायतीच्या खोलीत मारली. चार भिंती होत्या, दार होतं. तुझ्या पाठीशी तर पत्र्याची केबिन. पोलीस यायला आणखी उशीर झाला असता तर? म्हणून म्हणते, एकटी जाऊ नकोस. रात्री स्कूटरनं येऊ नकोस. फोन बंद ठेवू नकोस. कोर्टात विचारतील तेवढंच सांग, जे पाहिलंस तेच सांग, रागानं शब्द वाढवू नकोस, ग्रुपवर कोणाला उत्तर देत बसू नकोस... पुन्हा शाळा सुरू झाली माझी. राग मानू नकोस गं.

हे असं गर्दीपुढे उभं राहणं तुझ्यात नानांकडून आलंय. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध पितो म्हणून सगळ्या पुण्यात रांगा. आमच्या वाड्यातल्या देवळापुढेही. नाना चमच्यातल्या दुधात कुंकू कालवून गेले आणि गणपतीच्या सोंडेला चमचा लावला. पांढऱ्या संगमरवरावरून बारीक लाल रेघ सोंडेखालून पोटावर उतरली. ते शांतपणे म्हणाले, दूध पोटात जात नाही, पृष्ठताणानं चमच्यातून दगडाकडे ओढलं जातं आणि अंगावरून पातळ ओघळतं. कोणीतरी त्यांचा हात झटकला. पुढे कितीतरी दिवस नळावर आईशी बायका बोलेनात. मला तेव्हा नानांचा राग यायचा, कशाला हे, असं वाटायचं. त्यांच्या वाट्याला नुसता अबोला आला, तुझं तर राहतं घर गेलं. आणि तरी काल भाजीवाल्यापाशी कुलकर्णीकाकूंनी विचारलं, ती मुलगी तुमचीच का हो? मी म्हटलं, माझीच. मोठ्यांदा म्हटलं, पाय कापत होते तरी.

बाबा काही बोलत नाहीत. पण तुझी खोली झाडून ठेवलीय, पुस्तकांचं कपाट भिंतीकडे सरकवलंय. सामान घेऊन इकडेच ये, ऑफिस लांब पडेल, पडू दे.

गुरुवारी आम्ही दोघं येतोय. यावर वाद नको. आत तुला एकटीलाच बोलवतील, माहीत आहे, आम्ही बाहेर बाकावर बसू. त्या मावशींना विचार, त्या कशा येणार आहेत. पोराला घेऊन बसनं नकोत. पत्ता कळव, मी रिक्षा करून त्यांना घेऊनच येते. डबा सगळ्यांचा करते. त्यांना तिखट चालतं का तेही विचार.

तुझी
आई